बरं वाटलं म्हणजे औषध लागू पडलं असं नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी एक आदेश काढला. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपियन युनियनमध्ये मंजूर झालेलं औषध ठराविक प्रकारात बसत असेल, म्हणजे दुर्मिळ आजारावरचं असेल, जीन थेरपी असेल किंवा सध्याच्या उपचारांपेक्षा बरंच पुढचं असेल, तर इथल्या पेशंटवर वेगळी ट्रायल न घेता ते भारतात आणता येईल. तेव्हापासून हा विषय निघाला की दोनच आवाज कानावर येतात. एक म्हणतो, माणूस मरणाच्या दारात उभा आहे, परदेशात औषध तयार आहे आणि तुम्ही त्याला प्लासिबो म्हणजे नुसती खडूची गोळी देऊन बघत बसणार, तुम्हाला काळीज आहे का? दुसरा म्हणतो, ट्रायल म्हणजे परदेशी कंपन्यांसाठी आपल्या गरिबांना उंदीर बनवण्याचा धंदा, तो बंदच झाला पाहिजे. गंमत अशी की दोघंही उदाहरण म्हणून एकच पेशंट पुढे करतात, हार्टचं पंपिंग, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, वीस टक्क्यांवर आलेला, शेवटच्या टप्प्यातला. आणि या पेशंटसाठी गेल्या चाळीसेक वर्षांत औषधं कशी शोधली गेली, कुठली वाचवणारी निघाली आणि कुठली मारणारी, हे दोघांपैकी एकालाही तपासावंसं वाटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. सगळ्यात जास्त आजारी असलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटला चाचणी न झालेलं औषध देणं ही दया नाही. उलट इतका आजारी आहे म्हणूनच त्याच्या औषधाची चाचणी सगळ्यात कडक हवी, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट हवेत, आणि शेवटी किती जगले किती गेले हे मोजलेलं हवं. आणि ही चाचणी इथेही झाली पाहिजे, आपल्या लोकांमध्ये, आपल्या दवाखान्यांत. मी बरीच वर्षं ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, म्हणजे माझं पोट यावरच चालतं, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवून माझं म्हणणं तपासून घ्यावं.

आधी आजार नीट समजून घेऊ, कारण अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो. हार्ट फेल्युअर म्हणजे अटॅक नाही आणि हार्ट बंद पडणंही नाही, हृदयाची ताकद कमी होत जाते आणि शरीराला लागेल तेवढं रक्त ढकललं जात नाही. मग पाणी साठतं. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि तो भरायला वेळ लागतो, रात्री उताणं झोपलं की जीव गुदमरतो म्हणून एकाच्या दोन, दोनाच्या तीन उशा होतात, शेवटी माणूस खुर्चीत बसून रात्र काढतो. पाणी मोजून प्यायचं, मीठ तोडायचं, लघवीची गोळी घ्यायची आणि रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, दोन दिवसांत दोन किलो वाढलं की पुन्हा अॅडमिट. केरळच्या त्रिवेंद्रम रजिस्ट्रीत बाराशे पाच पेशंटची नोंद ठेवली, त्यातले ५९ टक्के पाच वर्षांच्या आत गेले. कित्येक कॅन्सरपेक्षा हा आकडा वाईट आहे. म्हणून घाई का होते हे मला पूर्ण कळतं.

पण घाईने काय होतं ते बघा. मिलरिनोन नावाचं एक औषध आहे, ते हृदयाच्या पेशींमध्ये कॅल्शियम वाढवतं आणि हृदय जोरात आकुंचन पावतं. कागदावर यापेक्षा सरळ काय असणार? पंप कमजोर झालाय, पंपाला जोर देणारं औषध द्या. शिरेतून दिलं की मॉनिटरवर आकडे सुधारताना डोळ्यांना दिसायचे. मग तोंडाने घ्यायची गोळी निघाली आणि ती घराघरात जाण्याआधी एक मोठी ट्रायल झाली, प्रॉमिस नावाची, १९९१ साली तिचा निकाल छापून आला. एकूण १०८८ पेशंट, सगळे गंभीर, सगळ्यांना नेहमीची औषधं चालूच, वरून निम्म्यांना मिलरिनोन आणि निम्म्यांना प्लासिबो. सरासरी सहा महिन्यांतच मिलरिनोन घेणाऱ्या ५६१ जणांपैकी १६८ गेले, प्लासिबोवाल्या ५२७ पैकी १२७. ट्रायल मध्येच थांबवावी लागली. आणि सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालं? जे सगळ्यात जास्त आजारी होते, बसल्या जागी दम लागणारे, त्यांच्यात मृत्यूचा धोका पन्नास टक्क्यांहून जास्त वाढला. म्हणजे ज्यांच्यासाठी आज "चाचणी बिचणी सोडा, औषध द्या" म्हणतात, नेमकं त्यांच्याच जिवावर हे औषध उठलं होतं.

हा एकच अपवाद असता तर मी लेख लिहिला नसता. व्हेस्नारिनोनची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. १९९३ साली ४७७ पेशंटची ट्रायल, सहा महिन्यांत प्लासिबो गटात ३३ मृत्यू आणि औषधाच्या गटात फक्त १३. कुणालाही वाटेल, झालं, सापडलं औषध, आता कशाला आणखी तपासायचं? तरी तपासलं. ३८३३ पेशंट घेऊन व्हेस्ट नावाची ट्रायल झाली, १९९८ मध्ये निकाल आला, तोच ६० मिलिग्रॅमचा डोस, आणि यावेळी प्लासिबोवाले १८.९ टक्के गेले तर औषधवाले २२.९ टक्के. आणि हे लक्षात घ्या की पहिल्या तीन-चार महिन्यांत औषध घेणाऱ्यांना प्लासिबोवाल्यांपेक्षा जास्त बरं वाटत होतं. दम कमी, दिवस चांगले, आणि मग एखाद्या दिवशी हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू. दमलेल्या बैलाला पराणी टोचली की तो चार पावलं भराभर टाकतो, पण टोचण्याने त्याच्यात ताकद येत नाही, होती तीच लवकर संपते. झॅमोटेरॉलचं हेच झालं, १९९० साली, शंभर दिवसांच्या आत औषधाच्या गटात मृत्यूचं प्रमाण ९.१ टक्के आणि प्लासिबोत ३.७. फ्लोसेक्विनान तर डिसेंबर १९९२ ला अमेरिकेत मंजूरही झालं, लोकांनी सुरूही केलं आणि १९९३ च्या मध्यात मृत्यू वाढतायत असं दिसल्यावर बाजारातून मागे घ्यावं लागलं.

आता उलटी बाजू. बीटा ब्लॉकर ही औषधं हृदयाचा जोर आणि वेग कमी करतात. हार्ट फेल्युअरमध्ये ती द्यायची नाहीत, दिली तर पेशंट दगावेल, असं पुस्तकात लिहिलेलं होतं आणि डॉक्टरांच्या पिढ्या ते पाठ करून पास झाल्या. १९७५ साली स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या काही डॉक्टरांनी सात पेशंटना ती देऊन बघितली आणि ते सुधारले असं लिहिलं. बहुतेकांनी मान हलवून सोडून दिलं. मग हळूहळू ट्रायल होत गेल्या आणि १९९९ मध्ये बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलच्या दोन मोठ्या ट्रायलनी सिद्ध केलं की ही औषधं जीव वाचवतात. २००१ मध्ये कार्वेडिलॉलची कोपर्निकस ट्रायल तर खास गंभीर पेशंटवर झाली, पंपिंग पंचवीसच्या खाली असलेल्या, आणि मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. सुरुवातीला यातल्या काही पेशंटना उलट थकल्यासारखं, जास्त गळून गेल्यासारखं वाटतं, म्हणून डोस अगदी बारीक, ३.१२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. म्हणजे ज्याने बरं वाटत होतं त्याने माणसं मेली आणि ज्याने आधी वाईट वाटतं त्याने जगली! डॉक्टरचा अनुभव, पेशंटची भावना, इकोचा रिपोर्ट, शरीरशास्त्राचं लॉजिक, चारही साक्षीदार इथे खोटे ठरले. मग पाचवा साक्षीदार कोण उरतो, दोन गट करून मोजलेले मृत्यू सोडून?

यावर समोरची बाजू जे म्हणते त्यातलं सगळ्यात वजनदार म्हणणं हे की मोजेपर्यंत जे मरतात त्यांचं काय. आणि हे खरंच वजनदार आहे. कन्सेन्सस ट्रायल घ्या, १९८७ ची, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये झालेली, २५३ पेशंट, सगळे शेवटच्या टप्प्यातले. एनालाप्रिल घेणारे सहा महिन्यांत २६ टक्के गेले आणि प्लासिबोवाले ४४ टक्के. वर्षभरात प्लासिबो गटातले अर्ध्याहून जास्त संपले. त्यांच्या घरच्यांना कुणी काय सांगणार? बीटा ब्लॉकरला सात पेशंटपासून पुराव्यापर्यंत यायला चोवीस वर्षं लागली, त्या काळात जे गेले त्यातले कितीतरी कदाचित वाचले असते, ही किंमत खरी आहे आणि ती नाकारणारा माणूस प्रामाणिक नाही. एड्सच्या पेशंटनी ११ ऑक्टोबर १९८८ ला एफडीएच्या म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या दारात जाऊन ठिय्या दिला, आमचे मित्र मरतायत आणि तुम्ही फायली सरकवताय म्हणून ओरडले, आणि त्यामुळे औषधं लवकर मिळण्याच्या वाटा उघडल्या. तो लढा योग्यच होता.

पण त्या लढ्याचा पुढचा अध्याय कुणी सांगत नाही. १९९४ मध्ये कॉन्कॉर्ड ट्रायलचा निकाल आला की लक्षणं दिसण्याआधीच एझेडटी हे एड्सवरचं औषध सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, आणि हजारो लोक त्रास सोसून ती गोळी तशीच घेत होते. मग त्याच चळवळीतून निघालेल्या ट्रीटमेंट अॅक्शन ग्रुपने, म्हणजे काही वर्षांपूर्वी दारावर धडका देणाऱ्यांनीच, नव्या औषधाच्या घाईघाईच्या मंजुरीला विरोध केला, आधी मोठी ट्रायल घ्या म्हणाले. त्यांनी काही बाजू बदलली नव्हती. औषध हातात असणं आणि ते उपयोगी आहे हे माहीत असणं यातला फरक त्यांना मित्र गमावून कळला होता.

आणि प्लासिबोबद्दल एक मोठा गैरसमज आहे तो इथेच दूर करते. आमच्याकडे सहा मिनिटं चालण्याची टेस्ट असते, कॉरिडॉरमध्ये तीस मीटरवर दोन खुणा, पेशंटने जमेल तितकं या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. साताऱ्याकडचे एक काका चौथ्या मिनिटाला भिंतीला हात टेकून थांबले, सिस्टरने खुर्ची सरकवली, बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा खाली गेलेला. श्वास जरा खाली बसल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, मला खरी गोळी मिळंल नव्हं?" मी म्हटलं, "काका, कुणाला कुठली मिळणार हे मलाच काय, आपल्या डॉक्टरांनाही कळत नाही, कॉम्प्युटर ठरवतो. पण तुमच्या चालू गोळ्यांमधली एकही बंद होणार नाही." मुलगा शेजारी उभा होता, त्याने फॉर्मवर बोट ठेवून तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. हे वाक्य महत्त्वाचं आहे. हार्ट फेल्युअरच्या आजच्या ट्रायलमध्ये प्लासिबो म्हणजे उपचार न देणं नव्हे, दोन्ही गटांना चालू असलेली चांगली औषधं मिळतात आणि प्रश्न फक्त वरच्या एका गोळीचा असतो. "खरी" गोळी मिळाली म्हणजे नशीबवान, हे तर आपण आधीच गृहीत धरतो, आणि प्रॉमिसमध्ये नशीबवान ठरले ते प्लासिबोवाले. कुठला गट नशीबवान हे आधी माहीत असतं तर ट्रायल करणं पापच ठरलं असतं. माहीत नसतं म्हणूनच ती करायची, आणि माहीत झालं की थांबवायची, त्यासाठी बाहेरची स्वतंत्र समिती मध्ये मध्ये आकडे उघडून बघते. प्रॉमिस अशीच थांबली आणि कन्सेन्ससही अशीच थांबली, एक नुकसान दिसलं म्हणून आणि दुसरी फायदा दिसला म्हणून.

दुसरं एक म्हणणं आहे ते मला जास्त छळतं. एखादा पेशंट म्हणतो, मला दोन वर्षं गुदमरत जगायचं नाही, सहा महिने द्या पण रात्री झोप लागू दे, नातीच्या लग्नाला बसता येऊ दे. हा त्याचा हक्क नाही का? आहे. मी यावर वाद घालणार नाही. पण हा सौदा करायला त्याला किंमत माहीत पाहिजे ना. आज शेवटच्या टप्प्यात, प्रत्यारोपण शक्य नाही, मशीन बसवणं परवडत नाही, अशा वेळी काही पेशंटना शिरेतून मिलरिनोन किंवा डोब्युटामिन चालू ठेवतात, त्रास कमी व्हावा एवढ्याचसाठी, आणि डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन सांगू शकतात की याने आराम पडेल पण आयुष्य वाढणार नाही, कदाचित कमी होईल. हे वाक्य डॉक्टरला बोलता येतं ते चाचण्या झाल्या म्हणून. त्या झाल्या नसत्या तर तीच औषधं आयुष्य वाढवणारी म्हणून विकली गेली असती आणि निवड करण्याचा प्रश्नच आला नसता.

आता उंदीरवाल्यांकडे वळते. त्यांचा राग हवेतला नाही. २०१० च्या आसपास खम्मम आणि वडोदऱ्यात मुलींना एचपीव्हीची म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस देण्याचा जो प्रकार झाला, त्यात कित्येक ठिकाणी आईवडिलांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्या होत्या. ट्रायलमधल्या गैरप्रकारांविरुद्ध इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाची केस सुप्रीम कोर्टात गेली, २०१३ मध्ये कोर्टाने सरकारला धारेवर धरलं, तेव्हा कुठे भरपाईचे नियम आले, संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग आलं, आणि २०१९ मध्ये नवे नियम लागू झाले. हे सगळं भांडल्याशिवाय मिळालं नसतं. पण यातून "ट्रायलच नको" हा निष्कर्ष काढणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणं आहे. ट्रायल नसली म्हणून प्रयोग थांबत नाही. तपासलेलं नसलेलं औषध हजार पेशंटना हजार दवाखान्यांत दिलं जातं तेव्हा तो प्रयोगच असतो, फक्त त्यात संमती नसते, भरपाई नसते, एथिक्स कमिटी नसते आणि कोण कशाने गेलं हे कुणी लिहून ठेवत नाही. अमेरिकेत अटॅकनंतर हृदयाचे चुकणारे ठोके दाबायला फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड सर्रास देत होते, ठोके दबायचेही, ईसीजी छान दिसायचा. १९८९ मध्ये कास्ट ट्रायलने गट करून मोजलं तेव्हा कळलं की लोक त्या गोळ्यांनी मरतायत, शेवटच्या हिशोबात औषध घेणारे ६३ आणि प्लासिबोवाले २६. अटॅक आलेला माणूस अचानक गेला तर कुणाला गोळीचा संशय येणार होता? आजारच तसा होता असं म्हणून सगळे घरी जात होते.

शिवाय भारतीयांवर ट्रायल म्हणजे नेहमी दुसऱ्याच्या फायद्यासाठीच, हेही इतिहासाला धरून नाही. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोगाचं एक केंद्र सुरू झालं आणि त्यांनी एक प्रश्न घेतला जो श्रीमंत देशांना पडतच नव्हता: सॅनेटोरियमची शुद्ध हवा, सकस जेवण आणि सक्तीची विश्रांती नसेल, चाळीतल्या दाटीवाटीच्या खोलीत राहून नुसत्या गोळ्या घेतल्या तर टीबी बरा होईल का? तज्ज्ञांना ते अशक्य वाटत होतं. १९३ पेशंट, निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे घरी, वर्षभर तीच औषधं, घरच्यांना लागण होते का याचीही तपासणी. १९५९ मध्ये निकाल आला, दोन्हीकडे जवळपास सारखाच. मिरजेपासून युरोपपर्यंत सॅनेटोरियमचा जमाना संपायला या मद्रासच्या ट्रायलचा मोठा हात आहे. तो प्रश्न आपला होता, पेशंट आपले होते आणि उत्तर जगाने घेतलं.

म्हणूनच २०२४ च्या त्या आदेशाची मला भीती वाटते, निदान हार्ट फेल्युअरपुरती तरी. परदेशातला पुरावा चांगला असेल, पण तो कुणाचा? आपल्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत दहा हजारांहून जास्त पेशंट आहेत आणि सरासरी वय साठच्या आसपास, पाश्चात्त्य रजिस्ट्रींपेक्षा जवळपास दहा वर्षांनी कमी. घरात कमावता माणूसच आडवा होतो. लहानपणीच्या घशाच्या इन्फेक्शनमधून झडपा खराब झालेले, ऱ्हुमॅटिक हार्टचे तरुण पेशंट आपल्याकडे अजून येतात, तिकडच्या ट्रायलमध्ये ते औषधालाही सापडत नाहीत. याच पेशंटच्या बाबतीत काय झालं बघा. रक्त पातळ करणारी नवी महागडी औषधं परदेशात जुन्या गोळ्यांपेक्षा सरस ठरली होती, तेव्हा ऱ्हुमॅटिकवाल्यांनाही तीच चांगली असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले साडेचार हजार पेशंट घेऊन, त्यात भारतातलेही, इनव्हिक्टस ट्रायल झाली आणि २०२२ मध्ये निकाल उलटा लागला, जुन्या स्वस्त गोळीवाले जास्त जगले. आदेशातल्या "खूपच पुढचं" या रकान्यात बसवून नवं औषध तसंच आणलं असतं तर आपण जास्त पैसे मोजून जास्त माणसं गमावली असती आणि ते कधी कळलंही नसतं.

चांगलं सिद्ध झालेलं औषधसुद्धा ट्रायलबाहेर पडल्यावर कसं वागतं याचा धडा कॅनडाने दिलाय. १९९९ च्या रेल्स ट्रायलने दाखवलं की स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, अगदी स्वस्त गोळी गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये मृत्यू ३० टक्क्यांनी कमी करते. फार मोठी गोष्ट. डॉक्टरांनी भराभर लिहायला सुरुवात केली, पण ट्रायलमध्ये ठराविक दिवसांनी रक्तातलं पोटॅशियम तपासत होते ते बाहेर राहून गेलं. ओंटारियोत पोटॅशियम वाढून अॅडमिट होणाऱ्यांचं प्रमाण दर हजारी २.४ वरून ११ वर गेलं. हे कॅनडात, जिथे तपासणी फुकट आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावात पोटॅशियमच्या रिपोर्टसाठी सॅम्पल शहरात जातं, एसटी चुकली की एक दिवस वाढतो, मजुरी बुडते म्हणून दुसऱ्यांदा कुणी येत नाही. तिथे ही गोळी किती डोसने, किती दिवसांच्या तपासणीने सुरक्षित राहील हे बोस्टनमधून कसं कळणार? ते इथेच शोधावं लागेल.

कंपन्यांवरचा आक्षेप मात्र मी जवळजवळ तसाच्या तसा मान्य करते, फक्त तो चुकीच्या जागी लावला जातो. कंपन्या गरीब पेशंटवर प्रयोग करतात ही खरी अडचण नाही, त्या सगळ्यात आजारी पेशंटला प्रयोगात घेतच नाहीत ही आहे. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन या हार्ट फेल्युअरच्या नव्या औषधाची २०१४ ची ट्रायल फार गाजली, ८४४२ पेशंट, त्यातले सत्तर टक्के दुसऱ्या पायरीचे म्हणजे जिना चढताना दम लागणारे, आणि अगदी शेवटच्या पायरीचे एक टक्काही नाहीत. त्यातही आधी सगळ्यांना गोळी देऊन बघितली आणि ज्यांना सोसली नाही त्यांना मुख्य ट्रायलच्या आधीच बाजूला केलं. मग जेव्हा खरोखरच्या गंभीर ३३५ पेशंटवर ते औषध जुन्या वाल्सार्टनच्या शेजारी ठेवून पाहिलं, २०२१ मध्ये, तेव्हा सरस ठरलं नाही. पण प्रिस्क्रिप्शन लिहिताना ही पायरी कोण बघतो? गोळी सगळ्यांना जाते. मला विचाराल तर "गरिबांना उंदीर करू नका" या घोषणेपेक्षा "सगळ्यात आजारी माणसाला ट्रायलबाहेर ठेवू नका" ही मागणी जास्त लोकांचा जीव वाचवेल.

आयुर्वेदात हृदयासाठी देतात त्या अर्जुनाच्या सालीबद्दल लिहिलं नाही तर खालच्या प्रतिक्रिया त्यानेच भरतील. हजारो वर्षांचा अनुभव आहे, मग चाचणी कशाला, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं की आपल्याच मुंबईचा इतिहास बघा. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती ब्लडप्रेशरच्या पेशंटना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या, त्यानंतर जगाने तिच्याकडे वळून बघितलं. त्याच मुळीतून काढलेलं रेसर्पिन १९६७ च्या त्या अमेरिकन ट्रायलमधल्या तीन औषधांपैकी एक होतं, ज्या ट्रायलने पहिल्यांदा सिद्ध केलं की वाढलेलं प्रेशर उतरवल्याने माणसं वाचतात. चाचणीने सर्पगंधेचा मान वाढवला. अर्जुनाची चाचणीही झाली आहे. १९९५ मध्ये इंदूरला बारा गंभीर पेशंटवर, निकाल उत्साह वाढवणारा. मग दिल्लीच्या एम्समध्ये शंभर पेशंटवर नीट गट करून, २०१६ मध्ये छापलेली, आणि त्यात हृदयाचं पंपिंग सुधारलं नाही, काहींना चालताना थोडं बरं वाटलं. व्हेस्नारिनोनची गोष्ट वाचलेल्याने या "बरं वाटलं"वर लगेच उडी मारू नये आणि लगेच फेकूनही देऊ नये. मोठी ट्रायल हवी, ज्यात मृत्यू मोजले जातील. डिजिटॅलिस या हृदयावर चालणाऱ्या झाडपाल्याबद्दल इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये लिहिलं, १९९७ मध्ये ६८०० पेशंटच्या ट्रायलने सांगितलं की त्यातून काढलेल्या डिगॉक्सिनने मृत्यू कमी होत नाहीत पण अॅडमिट होणं कमी होतं, आणि २०२५ मध्ये त्याच्याच भावंडाची, डिजिटॉक्सिनची ट्रायल आली, बाराशे गंभीर पेशंटची, त्यात मृत्यू आणि अॅडमिट होणं दोन्ही मिळून १८ टक्क्यांनी कमी. पेटंट कधीच संपलेल्या औषधावर कुठली कंपनी पैसे घालणार, जर्मन सरकारने घातले. अर्जुनासाठी आपल्या सरकारने तसे घालावेत, जाहिरातीवर घालण्यापेक्षा.

आणि ज्यांना खरोखर पेशंटच्या हक्कासाठी भांडायचंय त्यांच्यासाठी एक जागा दाखवते जिथे कुणीच भांडत नाही. २०१९ च्या नियमांत ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र आहे. पाया आठ लाखांचा, त्याला वयाचा आकडा आणि आजाराचा आकडा यांनी गुणायचं आणि ९९.३७ ने भागायचं. निरोगी माणसाचा आजाराचा आकडा चार. सहा महिन्यांपेक्षा जास्त जगण्याची आशा नसलेल्याचा अर्धा. म्हणजे सगळ्यात गंभीर पेशंट, जो सगळ्यात मोठी जोखीम घेऊन आत येतो, ज्याच्या मृत्यूतून पुढच्या पेशंटना कळतं की ही गोळी घेऊ नका, त्याच्या जिवाची किंमत त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या आठव्या हिश्शाने. बाजारभावाने आयुष्याचे महिने मोजले तर हे गणित बरोबर दिसेल, पण भरपाई महिन्यांची नाही, त्याने आपल्यासाठी केलेल्या कामाची द्यायची असते. हा आकडा बदला. ट्रायल संपल्यावर गोळी चांगली ठरली तर ती आत असलेल्या पेशंटला पुढे फुकट मिळण्याची तरतूद नियमात आहे पण ती डॉक्टरच्या शिफारशीवर आणि कमिटीच्या मंजुरीवर ठेवलीय, ती सरसकट करा. आणि ट्रायलचा निकाल भाग घेतलेल्या प्रत्येकाच्या घरी मराठीत एका पानावर पोचला पाहिजे, पेशंट हयात नसला तरी. आज तो इंग्रजी जर्नलमध्ये छापून येतो, आणि ज्या मुलाने वडिलांच्या फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही केली होती त्याला वडिलांना कुठली गोळी मिळाली होती आणि त्यातून काय कळलं हे कुणी कधीच कळवत नाही.